रिकामी १८ इंची खोकी आहेत, ड्रायव्हर कुठला बसवू?

खर्जप्रेमी
मंडळी नमस्कार, चार सबची, म्हणजे बेसच्या स्पीकरची, सिंगल १८ इंची कॅबिनेट मिळाली आहेत, ड्रायव्हर (आतले स्पीकर) आधीच्या मालकाने काढून घेतलेत पण लाकूड ठणठणीत आहे, हँडल चाकं सगळं शाबूत. पुढे खाली आडवा पोर्ट (हवेसाठीची फट) आहे. आमचा बँड आहे, ड्रम्स, पाच तारांचा बेस, कीबोर्ड आणि दोन गायक. कार्यक्रम ३०० ते ५०० लोकांचे, कधी हॉल कधी मोकळं मैदान. ड्रायव्हर दोन बघून ठेवलेत, एकावर २००० वॅट लिहिलंय आणि दुसऱ्यावर १००० वॅट. किमतीत फार फरक नाही म्हणून मन २००० वाल्याकडे ओढतंय. घेऊन टाकू का?

सिग्नलचेन
थांब जरा. वॅट सगळ्यात शेवटी बघायचे असतात. आधी बॉक्सची आतली मापं टाक, पोर्टची उंची रुंदी आणि खोली टाक, आणि दोन्ही ड्रायव्हरची पॅरामीटर्स टाक, एफएस (ड्रायव्हरची स्वतःची कंपनाची वारंवारता), क्यूटीएस (कोन किती घट्ट आवरला जातो), क्यूईएस (त्यातला मॅग्नेटचा वाटा), व्हीएएस (कोनइतकीच लवचिक हवा, लिटरमध्ये), एक्समॅक्स (कोन एका बाजूला किती मिमी सरकू शकतो) आणि सेन्सिटिव्हिटी (१ वॅटला १ मीटरवर किती डीबी). एवढं असल्याशिवाय इथं कुणी काहीही सांगितलं तरी ते अंदाजपंचे.

दणदणाट
१८ मध्ये कशाला अडकताय, फोल्डेड हॉर्न (दुमडलेला भोंगा) बनवा राव. मी वर्षानुवर्षं हॉर्नच वाजवतोय, छातीत बसतो आवाज. पोर्टवाल्या खोक्यात नुसती हवा फुसफुसते. आणि हे एफएस क्यूटीएस वगैरे इंटरनेट आल्यावरचं फॅड आहे, आम्ही कानाने ड्रायव्हर निवडायचो.

सिग्नलचेन
दणदणाट काका, हॉर्नवर येऊच, पण फॅड वगैरे नाही हो. नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात हे १९६१ मध्ये मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ च्या लेखांमधून ते पुढे नेलं, म्हणून तर थील-स्मॉल पॅरामीटर्स म्हणतात. तुम्ही कानाने निवडलेले ड्रायव्हर ज्या कंपन्यांनी बनवले त्या हेच आकडे धरून बनवत होत्या.

खर्जप्रेमी
मापं घेतली. आतून रुंदी ५६, उंची ६६, खोली ६० सेंमी. पोर्ट खाली पूर्ण रुंदीचा आहे, ५६ बाय १०, आणि आत ४५ सेंमी जातो. प्लाय १८ मिमी.

ड्रायव्हर क: एफएस ३३, क्यूईएस ०.३४, क्यूटीएस ०.३२, व्हीएएस २३० लिटर, एक्समॅक्स ९.२५ मिमी, सेन्सिटिव्हिटी ९६, एईएस (ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या चाचणीचे) १००० वॅट.
ड्रायव्हर ख: एफएस २५, क्यूईएस ०.६, क्यूटीएस ०.५५, व्हीएएस १८०, एक्समॅक्स २०, सेन्सिटिव्हिटी ८९, मॅक्स २००० वॅट. खाली बारीक अक्षरात आरएमएस १००० असंही आहे.

सिग्नलचेन
झालं, तुझं उत्तर त्या बारीक अक्षरातच आहे.

आधी बॉक्स. ५६ × ६६ × ६० म्हणजे साधारण २२२ लिटर. त्यातून पोर्टची हवा २५ लिटर गेली, पोर्टची फळी साडेचार, ड्रायव्हरचं मागचं धूड ८ आणि आतले टेकू वगैरे ६ धरू, उरले १७८ लिटर. पोर्टचं तोंड ५६० चौसेंमी. लांबी ४५ असली तरी तोंडाबाहेरची थोडी हवा पण सोबत हलते, ती धरून साडेचौसष्टच्या आसपास. हे सूत्रात टाकलं की ट्यूनिंग, म्हणजे पोर्टची हवा सगळ्यात जोरात हलते ती वारंवारता, ३८ हर्ट्झ येतं. पोर्ट तळाला चिकटलेला आहे त्यामुळे प्रत्यक्षात एखाद-दुसरा हर्ट्झ खालीच सापडेल. बँडसाठी उत्तम बॉक्स आहे हा, बनवणाऱ्याला अक्कल होती.

आता ड्रायव्हर. एफएस भागिले क्यूईएस कर. क चे ९७ येतात, ख चे जेमतेम ४२. ढोबळ नियम असा की १०० च्या आसपास असेल तर पोर्टवाला बॉक्स, ५० च्या खाली असेल तर बंद बॉक्स. पुढे जाऊन पोर्टच्या बॉक्सचं जुनं पॉकेट कॅल्क्युलेटरवालं सूत्र लावलं, १५ गुणिले क्यूटीएसचा २.८७ वा घात गुणिले व्हीएएस, तर क ला १३१ लिटर आणि ३८-३९ हर्ट्झ ट्यूनिंग हवं. तुझा बॉक्स त्याहून थोडा मोठा आहे, त्याने काही बिघडत नाही, खालच्या टोकाला थोडी मदतच होते. ख ला तेच सूत्र ४८५ लिटर आणि १८ हर्ट्झ सांगतं. एवढ्या क्यूटीएसला सूत्र ताणलं जातं हे मान्य, पण दिशा कळली ना. तुझ्या १७८ लिटरमध्ये ३८ ला तो बसवलास तर ४०-५० च्या मध्ये टेकाड येईल, एकच सूर गुणगुणत बसेल आणि किक थांबणारच नाही.

राहता राहिले वॅट. दोघांची खरी उष्णता झेलायची ताकद १००० वॅटच आहे, "मॅक्स" हा शब्द वेष्टनासाठी असतो. १००० वॅट म्हणजे १ वॅटच्या वर ३० डीबी. क देईल १२६, ख देईल ११९. ७ डीबी म्हणजे पाचपट पॉवरचा फरक, तोही तेवढ्याच अँपवर. तू जो "जास्त वॅटचा" म्हणून घेणार होतास तो हळू वाजणारा आहे.

निवांत
ख हा बहुतेक गाडीत लावायचा वूफर असणार. गाडीच्या बंद केबिनमध्ये खालचा बेस आपोआप उचलला जातो, म्हणून जड कोन आणि लांब स्ट्रोक चालतो तिथं. मैदानात ती केबिन कुठून आणणार.

खर्जप्रेमी
बाप रे, थँक्यू. पण मला एक शंका आहे, ख चा एक्समॅक्स २० आहे, क चा ९.२५. जास्त हवा ढकलणारा जास्त बेस देणार ना? मी असंच वाचलंय की बेस म्हणजे हवा ढकलणं.

मिलीमीटर
इथं मी बोलतो, माझा आवडीचा विषय.

बरोबर वाचलंयस पण अर्धं. ढकललेली हवा म्हणजे कोनचं क्षेत्रफळ गुणिले सरक. १८ इंचीचं क्षेत्रफळ साधारण १२०० चौसेंमी, १५ चं ८५५ च्या घरात, १२ चं ५३०, २१ चं १६५० च्या वर. एक सिंगल १८ बंद बॉक्समध्ये, जमिनीवर ठेवलेला, ९ मिमी सरकला तर ४० हर्ट्झला १ मीटरवर जेमतेम ११३ डीबी देतो. हे गणित आहे, कंपनी कुठलीही असो. ८० हर्ट्झला तेवढ्याच सरकीत १२५. कारण वारंवारता निम्मी झाली की तेवढ्याच आवाजाला चौपट सरक लागते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, मग अँप कितीही लावा.

म्हणूनच पोर्ट. ट्यूनिंगच्या वारंवारतेला कोन जवळपास गप्प असतो आणि सगळं काम पोर्टची हवा करते. तेव्हा ३८ च्या आसपास तुला ९ मिमी पुरतात. २० मिमीची किंमत जड कोन आणि लांब कॉईलने (कोनला हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने) मोजलेली असते, म्हणूनच सेन्सिटिव्हिटी ८९ वर आली. ती सरक वापरायलाही पॉवर लागणार आणि ती पॉवर कॉईलमध्ये उष्णता होऊन बसणार.

आणि एक गंमत बघ. क च्या डेटाशीटवर कॉईलची उंची आणि गॅपची, म्हणजे कॉईल हलते त्या मॅग्नेटमधल्या फटीची, उंची दिली आहे का?

खर्जप्रेमी
हो आहे. कॉईल २४ मिमी, गॅप ११ मिमी.

मिलीमीटर
वाटलंच. २४ वजा ११ भागिले २ म्हणजे ६.५. हा भूमितीचा एक्समॅक्स. त्यात गॅपचा पाव, २.७५, मिळवला की बरोबर ९.२५. काही कंपन्या पाव मिळवतात, काही एक तृतीयांश, काही नुसता भूमितीचा देतात आणि काही मोजून विकृतीच्या मर्यादेवर देतात. म्हणजे एकाच ड्रायव्हरवर ६.५, ९.२५ किंवा १०.१७ यातला कुठलाही आकडा छापता येतो आणि कुणी खोटं बोललं असं होत नाही. दोन कंपन्यांचे एक्समॅक्स शेजारी ठेवायचे असतील तर आधी कॉईल आणि गॅप बघून एकाच पद्धतीवर आणायचे.

दणदणाट
मिलीमीटर मोजत बसा. माझे चार हॉर्न तुमच्या आठ पोर्टवाल्यांना भारी पडतील.

सिग्नलचेन
काका, चार मध्ये पडतील हे मी नाकारत नाहीच. एकात पडणार नाहीत. ४० हर्ट्झची लाट ८.६ मीटर लांब. हॉर्नच्या तोंडाचा घेर तेवढा पाहिजे असं पुस्तकी गणित, जमिनीवर ठेवला तर निम्म्या क्षेत्रफळात भागतं, तरी तोंड ३ चौमीटरच्या जवळ जातं. एका खोक्याचं तोंड त्याच्या पावसुद्धा नसतं. म्हणून हॉर्न एकटा ठेवला की खालचा भाग गायब आणि ७०-८० च्या वर मात्र जोरात. चार-सहा एकत्र चिकटवून ठेवले की सगळ्यांचं मिळून एक तोंड होतं आणि मग तुम्ही म्हणता तसं छातीत बसतं. खर्जप्रेमी कधी हॉलमध्ये दोनच नेणार, तेव्हा काय?

दणदणाट
हे खरं आहे. दोन हॉर्नवर मी पण काम घेत नाही. पण मोठ्या मैदानात कार्यक्षमता हॉर्नचीच, जनरेटरवर चालताना कळतं ते.

आणि एक सांगतो, हॉर्नमध्ये ड्रायव्हर टाकताना कुणी पोर्टच्या बॉक्सचा उचलून टाकू नका. गळ्याजवळ कोनवर दाब प्रचंड येतो, कोन मऊ असेल तर चक्क दुमडतो, सराउंडच्या (कोनभोवतीच्या लवचिक पट्टीच्या) कडेला फाटतो. हॉर्नला क्यूटीएस कमी, मॅग्नेट ताकदवान, कोन कडक असा पाहिजे, एक्समॅक्स थोडा कमी असला तरी चालतो. कोन हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघा, मला अजून तेवढं बास होतं.

मिलीमीटर
काका म्हणाले तो अंगठाच डेटाशीटवर बीएल (मॅग्नेट-कॉईलची ताकद) आणि हलत्या भागाचं वजन म्हणून छापलेला असतो 😀

दणदणाट
😀 असेल बाबा.

लाकूडकाम
बॉक्स मोकळे आहेत तर आत्ताच आतून तपासून घ्या, ड्रायव्हर बसल्यावर कोण उघडतंय. मी कॅबिनेट बनवतो म्हणून सांगतो.

एकेका फळीवर मुठीने ठोका. टक् असा कोरडा आवाज आला पाहिजे, ढब् असा आला तर तिथं आतून टेकू नाही, आडवी पट्टी मारून घ्या. बाजूच्या फळ्या समोरासमोर एका दांड्याने जोडल्या तर सगळ्यात चांगलं, दोन्ही फळ्या एकमेकींना धरून ठेवतात. मागच्या फळीवर कनेक्टरची प्लेट असते तिथून हवा गळते, फोमची पट्टी लावा. पोर्टच्या आतल्या कडा काटकोनात असतील तर घासून गोल करा, जोरात वाजवताना फुसफुस येते ती तिथूनच. काका म्हणतात ती फुसफुस पोर्टची जात म्हणून नसते, लहान पोर्ट आणि धारदार कडा म्हणून असते.

एमडीएफ असेल तर मात्र मी त्यात जड ड्रायव्हर टाकणार नाही. कडेतून स्क्रू निसटतात, ओल लागली की फुगतं आणि परत बसत नाही. बर्च प्लाय १८ मिमीला १३ थर असतात, कडेला मोजून बघा. नवीन बनवायचं असेल तर १८ ऐवजी १५ मिमी बर्च आणि आत नीट टेकू हा माझा सल्ला, एका खोक्यामागे काही किलो तरी वाचतात, उचलणाऱ्यांची पाठ दुवा देते.

ड्रायव्हर लाकडी स्क्रूवर बसवू नका. मागून टी-नट किंवा इन्सर्ट (लाकडात बसवायचे धातूचे नट) आणि मशीन बोल्ट, समोरासमोरचे आवळत जायचं, एकदम एकच पूर्ण आवळला तर फ्रेम पिळते.

खर्जप्रेमी
१३ थर मोजले, बर्चच आहे 🙂 ठोकून पाहिलं तर मागची फळी ढब् वाजते. तिथं पट्टी मारून घेतो.

पोर्ट अजून मोठा केला तर फुसफुस आणखी कमी होईल का? जागा आहे तशी.

सिग्नलचेन
पोर्ट मोठा केला की त्याच ट्यूनिंगसाठी लांबी पण वाढवावी लागते. क्षेत्रफळ दुप्पट केलंस तर परिणामी लांबी पण दुप्पट, म्हणजे एक मीटर तीस. ६० सेंमी खोलीच्या बॉक्समध्ये त्याला दुमडून बसवलास तर आतली हवाच संपली. ५६० म्हणजे कोनच्या निम्म्याला जवळ आहे, पुष्कळ झालं. तिसऱ्या हिश्शाच्या खाली गेला असता तर मी पण म्हटलं असतं की बदल.

बॉक्सचा आकार, बेसची खोली आणि जोर, यातले दोन निवडायचे, तिसरं सोडायचं. याला हॉफमनचा नियम म्हणतात आणि त्यातून सुटलेला बॉक्स मी अजून बघितला नाही, जाहिरातीत बरेच बघितले.

बेसमामा
मी बेस वाजवतो म्हणून विचारतो. पाचव्या तारेचा मूळ सूर ३१ हर्ट्झ आहे, बॉक्स ३८ ला ट्यून. म्हणजे माझी पाचवी तार गेलीच का? चार तारांची सगळ्यात खालची ४१ ला आहे ती तर वाचली.

सिग्नलचेन
गेली नाही. बेस गिटारच्या त्या सुरात मूळ ३१ पेक्षा ६२ जास्त जोरात असतो, कान वरच्या सुरांवरून खालचा ओळखतो. ३१ चा नुसता धक्का हवा असेल तर वेगळा मोठा बॉक्स लागेल आणि आवाज पडेल, बँडला ते परवडत नाही.

उलट ३१ अडवायचाच आहे आपल्याला. पोर्टच्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या खाली गेलं की कोनमागची हवेची गादी संपते, पोर्ट म्हणजे नुसतं भोक उरतं आणि कोन मोकाट सुटतो. माइक हातातून पडला, गायकाने प वर फुंकर मारली, स्टेजवर कुणी पाय आपटला, की कॉईल मागच्या प्लेटवर आदळते. म्हणून हायपास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) ३४-३५ वर, उतार २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह. हा नसेल तर ड्रायव्हर कितीही महाग घ्या. वरचा क्रॉसओव्हर (सब थांबून टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, सुरू होतात ती जागा) ९०-१०० पासून सुरू करून टॉपबरोबर जुळवा.

निवांत
यात एक भर. जळलेले १८ इंची मी उघडून बघतो कामाचा भाग म्हणून, तर त्यात दोन जाती दिसतात. कॉईल काळी पडलेली, वळसे सुटलेले, वास येतो, तो उष्णतेने गेलेला, म्हणजे अँप सतत ताणला किंवा लिमिटर (सिग्नल ठरावीक पातळीवर रोखणारा) नाही. दुसऱ्यात कॉईल छान तांबूस आहे पण फॉर्मरचा (कॉईल गुंडाळलेल्या नळीचा) खालचा काठ चेपलेला, स्पायडर (कोनला मधोमध धरणारी चकती) फाटलेला, तो सरकीने गेलेला, म्हणजे हायपास नाही. दोन्ही प्रकारात मालक एकच वाक्य बोलतो, "वॅट कमी पडले".

खर्जप्रेमी
मग अँप किती वॅटचा घेऊ? १००० च्या ड्रायव्हरला १००० चा की २००० चा? दोन्ही सल्ले ऐकलेत.

मिलीमीटर
दोन्ही बरोबर आहेत, लिमिटर कसा लावतोस त्यावर आहे.

एईएसचे १००० वॅट म्हणजे पिंक नॉइज (सगळ्या वारंवारता मिसळलेला चाचणीचा आवाज), त्याचे शेंडे सरासरीच्या ६ डीबी वर, असा २ तास चालवून टिकला. शेंड्यांना म्हणजे ४००० वॅट क्षणभर लागले होते. "प्रोग्राम" म्हणून जो आकडा छापतात तो सरसकट एईएसच्या दुप्पट, "पीक" चौपट. म्हणून २००० चा अँप लावला तर शेंड्यांना जागा मिळते, पण मग सरासरी आवरायला आरएमएस लिमिटर पाहिजेच. लिमिटर वॅटमध्ये नाही, व्होल्टमध्ये विचार करून लाव. १००० वॅट ८ ओहमला ८९ व्होल्ट. सरासरीसाठी मी त्याच्या निम्मी पॉवर धरतो, ५०० वॅट, म्हणजे ६३ व्होल्ट, आणि शेंड्यांसाठी वेगळा पीक लिमिटर.

निम्मी का, तर तांबं. प्रत्येक अंशाला तांब्याचा रोध ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉईल खोलीच्या तापमानापेक्षा २०० अंशांनी तापली, जे कार्यक्रमाच्या शेवटच्या तासात सहज होतं, तर रोध ७८ टक्क्यांनी वाढला, म्हणजे तेवढ्याच व्होल्टला अडीच डीबी गायब. ऑपरेटरला वाटतं बेस पडला, तो फेडर वर करतो, कॉईल अजून तापते. शिवाय रोध वाढला की क्यूईएस पण वाढतो, म्हणजे सुरुवातीला जो घट्ट ड्रायव्हर होता तो गरम झाल्यावर ढिला वाजतो. कागदावर १२६ आणि रात्री अकराला १२२-१२३, असा हिशोब धरून चालायचं.

यामुळेच मोठी कॉईल. बी अँड सी कंपनीच्या १८टीबीएक्स१०० ड्रायव्हरमधलं शेवटचं १०० म्हणजे कॉईलचा व्यास मिमीमध्ये, १८एसडब्ल्यू११५ मधलं ११५ म्हणजे तेच. नाव वाचूनच निम्मं काम होतं. निओडिमियम मॅग्नेट घेतला तर वजन किलोकिलोने उतरतं, पण निओला उष्णता फेराइटइतकी सोसत नाही, गरम होऊन कायमची ताकद घालवू शकतो, म्हणून हवा खेळायची सोय नीट बघायची.

लाकूडकाम
म्हणून म्हणतो ड्रायव्हर मॅग्नेटच्या मागच्या छिद्रासमोर टेकू मारून बंद करू नका. लोक मारतात.

अर्थिंग
केबलचं कुणी बोललंच नाही. एका चॅनेलवर दोन ड्रायव्हर पॅरलल म्हणजे ४ ओहम. २० मीटरची २.५ चौमिमी तांब्याची केबल, जाऊन येऊन ४० मीटर, रोध ०.२७५ ओहम. अर्ध्या डीबीहून जास्त तिथंच गेला, पॉवरच्या भाषेत १२ टक्के. ४ चौमिमी घेतली तर ०.३६ डीबीवर येतं. आणि अँपच्या माहितीपत्रकात डॅम्पिंग फॅक्टर (अँप कोनला किती घट्ट आवरतो तो आकडा) ५०० लिहिलंय म्हणून खूश होणाऱ्यांसाठी, या २० मीटरनंतर तो १४ च्या वर जाऊच शकत नाही. अँप सबच्या जवळ ठेवा, लांब धावायचं काम सिग्नलच्या केबलला करू द्या.

खर्जप्रेमी
लिहून घेतोय सगळं. आता मांडणी. आम्ही आतापर्यंत टॉपच्या खाली डावीकडे दोन उजवीकडे दोन असं बघत आलोय सगळीकडे, तसंच करू ना?

मंद्रसप्तक
दिसायला छान, ऐकायला बेकार. डाव्या-उजव्या सबमध्ये ८ मीटर अंतर असेल तर ६० हर्ट्झला मधल्या रेषेपासून २१ अंशांवर दोन्हींच्या लाटा उलट्या पोचतात आणि एकमेकींना खातात. स्टेजपासून २० मीटरवर उभा राहिलास तर मध्यापासून साडेसात-आठ मीटर बाजूला बेस नाहीच. मिक्सर बरोबर मधोमध असतो म्हणून मिक्सरवाल्याला हे कधीच कळत नाही, त्याच्या खुर्चीत सगळ्यात जास्त बेस असतो.

चारही मध्ये एकत्र ठेव, स्टेजच्या पुढ्यात जमिनीवर, एकमेकांना चिकटून. बॉक्स दुप्पट झाले की ६ डीबी, त्यातले ३ अँपचे आणि ३ एकत्र असण्याचे. एकाचे चार म्हणजे १२ डीबी. वेगळे ठेवले की फुकटचे डीबी सगळीकडे सारखे मिळत नाहीत, पट्ट्यापट्ट्यांत मिळतात.

बेसमामा
मध्ये ठेवलं की स्टेजवर आमच्या पायाखाली धडधड वाढते पण. ड्रमरचे माइक घुमायला लागतात.

मंद्रसप्तक
हो, ती बाजू आहेच. चारपैकी एकाचं तोंड मागे फिरवून त्याला डिले (थोडा उशीर) आणि पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी देऊन मागचा बेस कमी करता येतो, कार्डिऑइड म्हणतात, नेहमी तीनास एक असं प्रमाण धरतात. समोरचा थोडा आवाज त्यात जातो. पण ते डोळे झाकून करू नका, मोजायचा माइक आणि आरईडब्ल्यूसारखं फुकट सॉफ्टवेअर घेऊन स्टेजवर मागे मोजत मोजत डिले लावा. आधी चार सरळ वाजवा, मग पुढचं.

दणदणाट
आणि या चार पोर्टवाल्यांच्या शेजारी कुणाचे तरी दोन हॉर्न आणून ठेवू नका, हे माझ्याकडून. हॉर्नमध्ये आवाज दोन-अडीच मीटर वळसा घालून बाहेर येतो, ७ मिलीसेकंद उशीर होतो. दोन्ही भांडतात आणि मग लोक म्हणतात हॉर्न खराब.

सिग्नलचेन
काका आज फॉर्मात आहेत. एकदम सहमत.

खर्जप्रेमी
ठरलं, ड्रायव्हर क चार नग. २१ इंची किंवा डबल १५ चा विचार पण डोक्यात होता, पण बॉक्स हातात असताना तो आता सोडतो. नवीन ड्रायव्हर आले की वाजवायच्या आधी काय बघू?

निवांत
मल्टीमीटरवर ८ ओहमचा ड्रायव्हर ५ ते ६ दाखवतो, घाबरू नकोस, डीसी रोध तेवढाच असतो. चारही एकसारखे पाहिजेत. ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लाव, प्लसला प्लस, कोन बाहेर आला पाहिजे. चारही बाहेर. बॉक्समध्ये बसवून कनेक्टरवर परत हेच कर, कारण आतल्या वायरी उलट्या जोडलेल्या बॉक्स नेहमी सापडतात, आणि चारात एक उलटा म्हणजे तो एक स्वतः तर जातोच, एका चांगल्याला पण घेऊन जातो. कोन दोन्ही हातांनी सरळ आत दाब, खरखर लागली तर परत पाठव.

वापरलेले, रिकोन केलेले (कोन-कॉईल नवीन टाकलेले) घेत असशील तर कॉईल मूळ कंपनीची आहे का हे विचार. नुसतं तसं दिसणारं किट टाकलेलं असेल तर एफएस क्यूटीएस सगळं बदललेलं असतं आणि वर सिग्नलचेनने केलेला हिशोब पाण्यात.

सिग्नलचेन
आणि ट्यूनिंग प्रत्यक्ष तपास. साइन टोन (एकाच वारंवारतेचा शुद्ध सूर) हळू आवाजात, ५० पासून एकेक हर्ट्झ खाली ये, कोनवर बोट हलकं टेकवून ठेव. एका जागी कोन थबकल्यासारखा वाटेल आणि पोर्टसमोर हात धरलास तर तिथं वारा जोरात असेल. तो तुझा खरा आकडा. इम्पीडन्सचा (वारंवारतेप्रमाणे बदलणाऱ्या रोधाचा) आलेख काढता आला तर दोन शिखरांच्या मधली दरी म्हणजे तेच. विनआयएसडी या सॉफ्टवेअरमध्ये तोपर्यंत क चे आकडे टाकून कोनची सरक कुठे सगळ्यात जास्त होते ते बघून ठेव, ट्यूनिंगच्या जरा वर कुठेतरी येईल.

खर्जप्रेमी
ड्रायव्हर आले, एक बसवला. सगळ्यांच्या सल्ल्याने आधी बॅटरी लावली तर एका बॉक्सच्या आतल्या वायरी खरंच उलट्या निघाल्या, निवांत दादा मानलं. साइन टोनवर कोन ३७ ला थबकतो. हायपास ३४ वर ठेवलाय. एक प्रश्न, ३७ ला कोन गप्प पण ५० च्या आसपास चांगलाच हलतोय, हे बरोबर ना?

मिलीमीटर
एकदम बरोबर, तिथंच सगळ्यात जास्त सरकणार, किक ड्रमचा खालचा भाग पण नेमका तिथंच येतो. पीक लिमिटर ५० हर्ट्झच्या टोनवर बघून लाव, ३७ वर बघून लावलास तर फसशील, कारण तिथं कोन हलतच नाही आणि वाटेल अजून खूप जागा आहे.

लाकूडकाम
मागच्या फळीची पट्टी मारली का?

खर्जप्रेमी
दोन झाल्या, दोन राहिल्यात. गोंद वाळतोय.